टेबलाच्या उशाशी एक स्टूल ठेवा

राज्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या लेबर रूममध्ये काम करणाऱ्या सर्व सिस्टर, डॉक्टर आणि मावशींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. ३१ वर्षं सरकारी नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. त्यातली २२ वर्षं लेबर रूममध्ये गेली. आधी ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, मग जिल्ह्याचं, जिथं बदली झाली तिथं. किती बाळंतपणं केली ते मोजलं नाही. एक रजिस्टर भरलं की दुसरं काढायचं, एवढंच ठाऊक. त्यामुळे कोणीतरी बाहेरची बाई आपल्याला शहाणपण शिकवतेय असं कृपा करून समजू नका. सलग चौथ्या नाइटला, पहाटे साडेचार वाजता, तीन टेबलं भरलेली असताना माणसाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण झालं. तिच्या नोकरीच्या गावी, तिथल्या सरकारी दवाखान्यात. मला तिथं कोणी ओळखत नव्हतं आणि मीही ओळख सांगितली नाही. नोकरीत असताना ओळख सांगून आत घुसणाऱ्यांचा मला राग यायचा, मग आता आपणच तसं कसं करायचं? बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. रात्रीचे दोन वाजून गेले होते. आतल्या आवाजांवरून मला सगळं कळत होतं. कोणाचं पाणी गेलंय, कोणाला ड्रिप लावलीय, ट्रे कुठे ठेवला. मग लेकीचा आवाज आला. "आई गं!" अशी मोठ्यानं हाक. आणि तिच्या मागोमाग दुसरा आवाज: "ए, ओरडू नको! तेव्हा बरं वाटलं, आता कशाला ओरडतेस?"

हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मीही शेकडो वेळा ऐकलंय. आणि खोटं कशाला बोलू, म्हटलंही आहे.

बोलणाऱ्या सिस्टरच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. थकवा होता. तो माझाच आवाज होता, वीस वर्षांपूर्वीचा. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही, म्हणून त्या दवाखान्याचं नावही इथं लिहिणार नाही. पण बाकड्यावर बसल्यावर एक गोष्ट पहिल्यांदा कळली. ते वाक्य दाराच्या आत वेगळं ऐकू येतं आणि दाराच्या बाहेर वेगळं. माझं पोर कळा देतंय, मला हाक मारतंय, मी दहा पावलांवर बसलेय, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायला मला परवानगी नाही. मी आयुष्यभर किती आयांना असं बसवून ठेवलं असेल?

बाळाच्या बारशाच्या आदल्या रात्री लेकीनं विचारलं, "आई, तू पण असंच बोलायचीस का गं?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर मी हे पत्र लिहायला बसले.

आपण सगळे कळा रोज बघतो. इतक्या बघतो की त्यांचा आवाज तेवढा कानावर पडतो. मी नवीन मुलींना शिकवायची तेव्हा असं सांगायची: गर्भाची पिशवी हा एक मोठा स्नायू आहे. तो आवळतो, आवळताना पिशवीचं तोंड वर ओढून घेतो, आधी पातळ करतो, मग उघडतो, दहा सेंटीमीटरपर्यंत. पिशवीकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जिथं शिरतात, तिथंच कंबर, ओटीपोट आणि मांडीच्या वरच्या भागाच्या नसाही येतात. म्हणून आवळते पिशवी आणि मोडते कंबर. बाळ खाली सरकलं की दुखण्याची जात बदलते. आता वाट ताणली जाते, नेमक्या जागी जळजळतं, संडासला लागल्यासारखा दाब येतो. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कंबर अशी धरते की पोटातली कळ तिच्यापुढे काहीच नाही, असं बाया सांगतात. ही दुखापत नाही, कुठं काही तुटत-फुटत नाही. पिशवी काम करते आहे. हे आपल्याला ठाऊक असतं. टेबलावरच्या पोरीला ठाऊक नसतं. पहिलटकरणीला तर प्रत्येक कळेला वाटतं की आपल्या आत काहीतरी बिघडलं आणि आपण आता मरणार. नऊ महिन्यांत लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी सगळं झालेलं असतं. कळ म्हणजे काय, ती किती वेळ टिकते, मध्ये किती विसावा मिळतो, हे तिला एकानंही सांगितलेलं नसतं.

मला ते नीट सांगायला एका ऊसतोड करणाऱ्या बाईनं शिकवलं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा. गळीत हंगाम चालू होता, थंडी होती. बीडकडची एक पोरगी मुकादमाच्या जीपमधून आणली. विशीच्या आतली, पहिलटकरीण, पिशवीचं तोंड चार बोटं उघडलेलं. त्या रात्री मी एकटी. मदतीची मावशी रजेवर. दुसऱ्या टेबलावर झटके आलेली बाई, तिचं झटके थांबवायचं मॅग्नेशियम चालू, तिच्यापाशीच थांबणं भाग होतं. पोरगी टेबलाचा लोखंडी दांडा धरून अशी काही ताठ झाली होती की तिची बोटं पांढरी पडली होती. तिची सासू दारातून डोकावत होती. मी नाइलाजानं ओरडले, "मावशी, आत या, हिला धरा!"

म्हातारी आत आली. चपला बाहेर काढून, पदर खोचून, हात धुऊन. ऊसतोडीच्या कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांत, दोन-चार बायांना तिनं मोकळं केलेलं होतं, हे मला नंतर कळलं. तिनं सुनेला उताणी झोपू दिलं नाही. कुशीवर वळवली, स्वतः पाठीमागे उभी राहिली आणि माकडहाडाच्या वर जे सपाट हाड असतं, त्यावर तळहाताची टाच रोवून दाबून धरली. कळ चढली की दाब वाढवायची, उतरली की सैल सोडायची. आणि तोंडानं सारखं चाललेलं:

"मोळी घेऊन फळीवरनं टरकात चढतीस ना, तसंच हाय बघ. आली मोळी. चढ. चढ. आता वर पोचलीस. टाक मोळी. टाकलीस ना? आता मोकळ्या हातानं खाली ये. अंग ढिलं सोड. मोकळं येताना कोण ओझं घेतं का?"

ऊसतोडीच्या पोरीला यापेक्षा नेमकं कोणी काय सांगणार? दिवसभर डोक्यावर मोळ्या घेऊन ती अरुंद फळीवरून चढत आलेली होती. पाच-सहा कळांनंतर तिनं लोखंडी दांडा सोडला. ओरडत होती, ओरडायची थांबली नाही. पण मधल्या वेळात तिचे डोळे मिटायचे, जबडा सैल पडायचा, एकदा तर तिला दोन मिनिटं झोप लागली. उजाडायच्या आत बाळंत झाली. मुलगी झाली.

त्या म्हातारीनं जे केलं त्याचं गणित मी नंतर मांडून पाहिलं. कळा जोरात असताना चार मिनिटांनी एक कळ धरा, मिनिटभराची. म्हणजे तासाभरात पंधरा मिनिटं कळ आणि पंचेचाळीस मिनिटं मोकळी. पुढे कळा जवळजवळ येतात तेव्हा मोकळा वेळ घटतो, पण असतोच. घाबरलेल्या बाईला ही मोकळी मिनिटं मिळतच नाहीत. पुढची कळ येणार या धास्तीनं ती तीही मुठी आवळून काढते आणि सहा-आठ तासांत गळून जाते. मग जोर लावायची वेळ येते तेव्हा अंगात त्राण उरत नाही, आणि आपण म्हणतो, "ही सहकार्य करत नाही." केसपेपरवर लिहितोसुद्धा.

भीतीचं आणखी एक आहे. घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं. ते हृदयाची धडधड वाढवतं, स्नायू ताठ करतं, आणि पिशवीच्या आकुंचनाला मात्र खीळ घालू शकतं. म्हणजे आपण ओरडून तिला घाबरवतो, त्यानं तिचं दुखणं वाढतं, काम रेंगाळतं, आणि काम रेंगाळलं म्हणून आपण पुन्हा ओरडतो. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच हे चक्र मांडलं होतं: भीतीतून ताण, ताणातून वेदना. त्यांचं सगळंच म्हणणं मला मान्य नाही. भीती गेली की निरोगी बाळंतपणात फारसं दुखायला नको, असं त्यांना वाटे. बाळंत न होणाऱ्यानंच असं म्हणावं! कॅनडातले रोनाल्ड मेलझॅक यांनी आयुष्यभर वेदनेचाच अभ्यास केला. त्यांनी १९८१ साली बाळंतिणींच्या कळांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. आधी शिकवणी घेतलेल्या पहिलटकरणींना वेदना थोडी कमी जाणवली, पण होती ती तीव्रच. हे आपण प्रामाणिकपणे सांगायला हवं. "श्वास नीट घे, मग दुखणार नाही" हीसुद्धा एक थाप आहे, आणि तिला दुखलं की ती स्वतःलाच दोष देते. दुखणार. पण दुखणं आणि छळ या दोन गोष्टी आहेत. एकटेपणा आणि अपमान हा त्यातला छळ, आणि तो पूर्णपणे आपल्या हातात आहे.

म्हणून माझं मागणं एकच. तिच्याजवळ तिचं एक माणूस राहू द्या.

हे काही मी नवं मागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस ठेवायला मान्यता दिली. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई. जिथं आडोसा पुरेसा आहे तिथं नवराही. सोबतीणीला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, कळा संपेपर्यंत तिनं थांबावं, आपल्या कामात ढवळाढवळ करू नये, दुसऱ्या बाईकडे जाऊ नये. इतक्या साध्या अटी. २०१७च्या अखेरीस आलेल्या, लेबर रूम सुधारण्यासाठीच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तेच आहे. माझी लेक जिथं बाळंत झाली तिथं सन्मानपूर्वक प्रसूतीचं रंगीत पोस्टर भिंतीवर होतं आणि त्याला लागूनच दारावर पाटी: नातेवाइकांना सक्त मनाई. रात्रभर मी दोन्ही वाचत होते.

आणि सोबतीचा उपयोग ही भावनेची गोष्ट नाही. कळांच्या वेळी सतत कोणीतरी सोबत असलं तर काय होतं यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली निघाला: १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त बाया. सोबत असलेल्या बायांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, सिझेरियन कमी लागलं, दुखणं कमी करणाऱ्या औषधांची गरज कमी पडली आणि बाळंतपणाची कडवट आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी निघाल्या. आपल्याकडच्या कुठल्या इंजेक्शननं ही चारही कामं एकदम होतात?

तुमच्या मनात काय येतंय ते मला माहीत आहे, कारण मी स्वतःच ते दर मीटिंगमध्ये बोलायची. गर्दी होते. इन्फेक्शन होतं. मोबाइल काढतात. शेजारच्या टेबलावरच्या बाईची अब्रू. आणि काही बरंवाईट झालं तर नातेवाईक अंगावर येतात. पहिल्या तिन्हींना एकच माणूस, हात धुणं, गाऊन आणि मोबाइल दारात जमा, एवढं पुरतं. आडोशासाठी पडदे लागतात. पडद्यांशिवाय लेबर रूम चालवायला लावणं हा तर टेबलावरच्या बाईचा अपमानच आहे, सोबतीण असो-नसो. ते पडदे मागून घ्या, लेखी मागा. शेवटच्या भीतीबद्दल मात्र मी अनुभवानं सांगते. माझ्या नोकरीत दोनदा मारहाणीची वेळ आली. दोन्ही वेळा अंगावर आलेली माणसं दाराबाहेरची होती. त्यांनी काहीही पाहिलेलं नव्हतं. फक्त ओरडणं ऐकलं होतं आणि मग बातमी ऐकली होती. जिनं आत उभं राहून पाहिलं की सिस्टर घामाघूम होऊन पाठीचा कणा मोडेस्तोवर राबतेय, ती सिस्टरवर हात उचलत नाही. ती बाहेर जाऊन आपल्या लोकांना समजावते.

जुन्या घरच्या बाळंतपणांचं कौतुक मी करणार नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, १८८६ साली एम.डी. झाल्या, प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. अडलेली बाळंतीण बैलगाडीतून आणताना वाटेतच गेलेली मी स्वतः पाहिली आहे. बायांना दवाखान्यात आणायला आपण जिवाचं रान केलं, आशाताईंनी उंबरे झिजवले, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. हे आपलं काम आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण बाईला आत घेताना तिच्या पाठीवरचा हात आपण दाराबाहेरच ठेवून दिला. तो आत घ्यायला कुठली मशिनरी लागत नाही.

सोबतीण आली की तिला कोपऱ्यात उभी करू नका, काम द्या. कमरेवर दाब कसा धरायचा ते एकदा दाखवा. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल कमरेला कसा लावायचा ते दाखवा. घोट-घोट पाणी, गोड चहा द्यायला सांगा. सिझेरियनची शक्यता दिसत नसेल तर कळांमध्ये उपाशी-तहानेली ठेवायचं कारण नाही. दोन तासांनी लघवीला न्यायला सांगा, भरलेल्या मूत्राशयानं दुखणं वाढतं आणि बाळाची वाटही अडते. चालू दे, भिंतीला धरून उभी राहू दे, उकिडवी बसू दे. तासन्‌तास उताणी झोपवून ठेवणं आपल्या सोयीचं असतं. पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि बाईला गुदमरतं. आणि ओरडू दे. खोल, लांब आवाज काढल्यानं श्वास सुटतो, जबडा सैल होतो. आवाजाचा त्रास आपल्याला होतो, तिला त्यानं बरं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या अखेरीस कळांच्या नोंदीसाठी नवा तक्ता काढला. जुन्या तक्त्यावर, पार्टोग्राफवर, आपण बाळाचे ठोके, पिशवीचं तोंड, आईची नाडी लिहीत आलो. या नव्या तक्त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही आधी चार रकाने आहेत: सोबतीण आहे का, दुखणं कमी करायला काही केलं का, तोंडानं काही प्यायली का, कुठल्या स्थितीत आहे. पहिल्या तिन्हींत 'नाही' किंवा चौथ्यात 'उताणी' लिहिलं तर ती धोक्याची खूण धरायची. तो कागद पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्या चार रकान्यांकडे मी बराच वेळ बघत बसले. तुमच्याकडे तो तक्ता आला नसला तरी हे चार प्रश्न तुम्ही आजच्या ड्युटीवर विचारू शकता.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही. टाके. बाळ बाहेर आल्यावर, वार पडल्यावर, बाई थकून पडलेली असताना सुन्न करायचं इंजेक्शन न देता टाके घालणं मी पाहिलं आहे. "दोनच तर टाके आहेत", "आत्ताच बाळंत झालीय, तिथं तिला काही कळत नाही." कळतं. कळांपेक्षा ते टाकेच लक्षात राहिले, असं मला बायांनी वर्षांनंतर भाजीबाजारात भेटून सांगितलं आहे. लिग्नोकेनची बाटली ट्रेमध्येच असते. इंजेक्शन द्या, दोन-तीन मिनिटं थांबा, चिमट्यानं धरून विचारा "दुखतंय का", मगच सुई घाला. बाळाची वाट मोठी करायला छेद घ्यायचा असेल तर त्याच्याही आधी. मुळात प्रत्येक पहिलटकरणीला छेद घ्यायची सवयही आता सोडायची आहे, आणि वरून पोट दाबून बाळ ढकलायचीही. ही दुखणी निसर्गानं दिलेली नाहीत, आपण देतो. आतून तपासतानाही तेच. आधी सांगा, कळ उतरू द्या, मग तपासा. एकीनं तपासलं की पाठोपाठ चार विद्यार्थ्यांनी तपासायचं, हे त्या बाईनं का सोसायचं?

"ओरडू नको"चा एक धोका तुम्हाला परिचयाचा असेल. जिला आपण गप्प केलं, ती सांगायचंही थांबते. कळ उतरते, मधे पोट मऊ पडतं, हे नेहमीचं. पण मधला विसावाच नाही, पोट फळीसारखं घट्ट राहिलंय, दुखणं थांबतच नाही, रक्त जातंय, किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वेगळंच दुखतंय, तर ती कळ नव्हे, ती धोक्याची घंटा आहे. वार सुटत असेल, व्रण उसवत असेल. हा फरक सगळ्यात आधी जिला कळतो ती टेबलावरची बाई. एकदा एकीनं मला सांगितलं होतं, "सिस्टर, हे तसलं नाही दुखत." मी तिला थांब जरा म्हटलं. वीस मिनिटांनी रक्त दिसलं. ती वाचली. बाळ वाचलं नाही. ती वीस मिनिटं माझ्या नावावर आहेत.

डॉक्टरांना, विशेषतः भूलतज्ज्ञांना, वेगळं सांगायचं आहे. दुखणं कमी करायचं औषध मागणारी बाई नाजूक किंवा लाडावलेली नसते. १८४७ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा बाईनं सोसायचंच असतं म्हणून बायबलचे दाखले दिले गेले. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं स्वतः क्लोरोफॉर्म घेतला आणि वाद निवळत गेला. राणीला जे मिळालं त्याच्याहून कितीतरी सुरक्षित असं आज आपल्याकडे आहे. कमरेतून देतात ते एपिड्युरल निरोगी बाईनं मागितलं तर द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जोर लावायचा टप्पा त्यानं थोडा लांबतो, पण सिझेरियन वाढत नाही, आणि कंबर जन्माची धरते हा समजही खरा नाही. खासगी दवाखान्यात पैसे मोजून ते मिळतं. आपल्याकडे एकच भूलतज्ज्ञ, तोही सिझेरियनमध्ये अडकलेला, हे मला मान्य आहे. उद्यापासून सगळ्यांना द्या असं म्हणायला मी वेडी नाही. पण निदान "तुला कशाला हवं, तुझ्या आईनं नाही का सोसलं" असं म्हणू नका. आणि सोसवेना म्हणून जिचं शेवटी सिझेरियन झालं, तिला "जोर लावला नाही म्हणून कापावं लागलं" हे ऐकवू नका. पोटावरचे टाके घेऊन बाळाला पाजायला उठणं काय असतं, ते तिलाच विचारा.

हे पत्र जिल्हा शल्यचिकित्सक आणि आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलं, तर त्यांनाही हात जोडून सांगते. एका सिस्टरच्या गळ्यात चार टेबलं, रजिस्टरं, ऑनलाइन नोंदी आणि बाळांचं वजन हे सगळं बांधून वर तिनं गोड बोलावं अशी अपेक्षा करू नका. तुमच्या रिकाम्या जागा भरा. पण त्या भरेपर्यंत, सोबतीणीच्या रूपानं फुकटचे दोन हात दारात उभे आहेत, त्यांना आत येऊ द्यायचं पत्र तर आजच काढता येईल.

आणि सिस्टर, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. त्या दिवशी आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायांना, त्यांच्या आईला किंवा सासूला, दहा मिनिटं लेबर रूम दाखवा. टेबल कसं असतं, बाळाला ऊब देणारा दिवा कसा असतो, आपण हातमोजे का घालतो, ते बघू द्या. कळेचं गणित सांगा. मोळीची गोष्ट सांगितलीत तरी चालेल, त्या म्हातारीची त्याला हरकत नसणार. आपल्या गावच्या बायांना कळेल असं दुसरं काही सुचलं तर ते सांगा: शेंगा तोडणाऱ्या, जात्यावर बसलेल्या, लोकलच्या गर्दीत चढणाऱ्या, प्रत्येकीकडे आपलं असं काही असतं. आणि बरोबर आलेल्या बाईला त्याच दिवशी सांगून ठेवा, "मावशी, कळा सुरू झाल्या की तुम्ही आत यायचं आहे. नखं कापून या."

ती म्हातारी रात्रभर उभी होती. माझ्या लेबर रूममध्ये तिला बसायला काही नव्हतं, आणि ते मला सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी मावशी रजेवरून परत आली आणि मी पुन्हा दार लावून घेतलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं लावत राहिले.

तुमच्या स्टोअरमध्ये जुनी स्टुलं पडलेली असतात. एक-एक काढा, पुसा, आणि प्रत्येक टेबलाच्या उशाशी ठेवा.

तुमची,
एक निवृत्त परिसेविका